हत्तीला चाकं

९ जानेवारी

आज ह्यांना मोजे घालता आले नाहीत.

पलंगावर बसले, वाकले आणि अर्ध्यातच थांबले. भिंतीला हात टेकवला, डोळे मिटले, मोजा हातात तसाच लोंबकळत. मी आरशातून बघत होते. माझं लक्ष आहे हे कळल्यावर म्हणतात, "आज उकडतंय. मोज्यांचं काय काम?" जानेवारीत! मी शाल गुंडाळून उभी! कुणाला शेंड्या लावता?

कालच्या कार्यक्रमाचे हे प्रताप. हत्ती उचलला ना! हत्ती म्हणजे माझ्या बेस गिटारच्या स्पीकरची पेटी. कमरेच्या वर येते, जाड प्लायवूडची, आत परातीएवढा स्पीकर, दोन बाजूंना दोन मुठी. लग्नानंतर दुसऱ्याच वर्षी ह्यांनी सुताराच्या डोक्यावर बसून बनवून घेतली. तेव्हापासून एक मूठ माझी, एक ह्यांची. मी वाजवायचं, ह्यांनी वाहायचं. पायऱ्या आल्या की खालची बाजू ह्यांची — त्यावर चर्चा नाही.

उद्या डॉक्टर. कान धरून नेणार आहे.

१० जानेवारी

मणका. दोन मणक्यांमधली गादी सरकलीय.

डॉक्टर चांगला आहे, गोलगोल बोलत नाही. "वजन उचलायचं नाही म्हणजे नाही. पाण्याची बादलीसुद्धा नाही." मी विचारलं, उचललं तर? "तर एखादा पाय कायमचा जाईल. मग मी नाही, सर्जन बोलेल." हे डॉक्टरच्या तोंडाकडे टक लावून बघत होते, पहिल्या बाकावरच्या शहाण्या मुलासारखे. मला वाटलं, चला, उतरलं एकदाचं डोक्यात!

बाहेर आल्यावर पहिला प्रश्न — "पुढच्या शनिवारी कुठला हॉल आहे?"

कपाळावर हात मारून घेतला.

११ जानेवारी

डोळ्यासमोर सारखा तो पाय येतो. हा माणूस काठी टेकत चाललाय असं दिसतं.

पडल्या पडल्या बोलायला गेले तर — "आधी दिवा लाव, मग बोल. अंधारात बोललेलं मला आवडत नाही." हे एक नवीनच खूळ! लग्नाला तीस वर्षं होऊन गेल्यावर आता बायकोचं तोंड बघायची हौस! मी काही दिवा लावला नाही. पाठ करून झोपले.

१३ जानेवारी

लेकीचा फोन. आधी ह्यांच्या फोनवर केला होता म्हणे. तो उशाशी वाजून वाजून थकला, हे शेजारीच बसलेले, उचलतील तर शपथ! मग माझ्या फोनवर आला. तिला मणक्याचं सांगितलं. घाबरली. मग म्हणाली, "आई, पेटीला चाकं का नाही लावत? सामानाच्या बॅगांना असतात तशी. ढकलत न्यायची."

इतकी वर्षं हे माझ्या डोक्यात का नाही आलं? कारण दुसरी मूठ कायम भरलेली होती, म्हणून!

जेवताना विषय काढला. ह्यांचा घास हातातच. "पेटीला चाकं? ती काय भाजीची गाडी आहे?" मी म्हटलं, भाजीची तर भाजीची, कोथिंबीर ठेवू वरती. हसले नाहीत. म्हणाले, "पेटी जमिनीवर बसायला पाहिजे." झालं. ह्यांच्याशी वाद घालणं म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी.

लावणारच मी चाकं. बघूच कोण अडवतं!

१५ जानेवारी

चाकं आणली. दुकानदार विचारतो, "टेबलाला हवीत की ट्रॉलीला?" मी म्हटलं, हत्तीला. त्याने वर बघितलं सुद्धा नाही, सगळ्यात दणकट रबरी चाकं समोर ठेवली. चारही बाजूंना फिरणारी. दुकानातच फरशीवर एक फिरवून बघितलं — लोण्यासारखं!

१६ जानेवारी

आज चाकं बसवली. गल्लीच्या टोकाच्या सुताराला बोलावलं होतं. हा ती पेटी बनवणाऱ्याचा मुलगा, आणि उंटावरचा शहाणा. मी म्हणत होते, स्पीकर काढू, आतून नट लावू, बोल्टने आवळू. तो म्हणे, "काकू, एवढा खटाटोप कशाला? लांब स्क्रू मारतो. हलणार नाही बापजन्मात." पेटी उलटी केली ती आम्ही दोघांनी. हे पुढे आलेच होते मुठीला हात घालायला! मी अशी ओरडले की सुताराच्या हातातलं ड्रिल खाली पडलं. हे शांत. जणू पंखा फिरला.

मग दारात उभं राहून बघत होते सगळं. एक स्क्रू आत गेला की ह्यांचं तोंड आणखी थोडं उतरायचं. दाढ काढताना शेजारी बसलेल्या माणसासारखं.

संपल्यावर पेटी सरळ केली आणि एका बोटाने ढकलली. चालली! दारातल्या दोन पायऱ्यांवर फळी टाकली, तीवरूनही उतरवली, एकटीने. आनंदाने मी त्या सुताराला चहाबरोबर आमचा रेडिओसुद्धा देऊन टाकला. म्हणजे मी नाही, ह्यांनीच दिला. "घेऊन जा. नुसती खरखर आहे त्यात." मला तर सकाळी चांगला लागला होता. जाऊ दे. कपाटावरची जागा मोकळी झाली.

१८ जानेवारी

कालचा कार्यक्रम! लिहावं की लपवावं!

नेताना सगळं झकास. हे नुसते बरोबर चालत होते, हात मागे बांधून, मी राणीसारखी हत्ती हाकत पुढे. टेंपोत चढवायला ड्रायव्हरने हात लावला. मास्तर, म्हणजे आमच्या ऑर्केस्ट्राचे मालक आणि कीबोर्डवाले, दारातच म्हणाले, "वा ताई, गाडी घेतलीत!"

हॉलचा स्टेज लाकडी, आणि पुढच्या बाजूला थोडा उतरता. ते कुणाच्या लक्षात येणार? तिसऱ्या गाण्याला मी खालची तार जोरात धरली आणि पेटी निघाली! हळूहळू, डुलत डुलत, पुढे! मला वाटलं माझीच नजर फिरतेय. गायिका डोळे मिटून आळवतेय आणि मागून हत्ती येतोय! वायर ताणली गेली तेव्हा थांबला एकदाचा. लोकांना वाटलं कार्यक्रमाचाच भाग आहे, टाळ्या वाजवल्या. ड्रमवाल्याने पायातली चप्पल काढून चाकाखाली सरकवली आणि बाकीचा कार्यक्रम एका चपलेवर वाजवला.

शिवाय खालचा सूर लावला की पेटीतून फुस्स असा आवाज. त्या लांब स्क्रूंनी तळ फोडलाय. हवा जाते. बापजन्मात हलणार नाही म्हणे!

पण हे सगळं मी हसण्यावारी नेलं असतं. टोचलं ते वेगळंच.

हे दरवेळी पेटीच्या मागे, पडद्याआड बसतात. बूट-मोजे काढायचे, पाय फळ्यांवर सोडायचे, पाठ पेटीला टेकायची आणि डोळे मिटायचे. मी कायम चिडवते, की बायको वाजवते आणि नवरा घोरतो. काल बसले, पेटीला पाठ लावायला गेले तर ती सरकली. मग नुसतेच बसले, पाय फळ्यांवर. दोन गाणी झाली. अधूनमधून पायाकडे बघत होते. मग उठले, बूट घेतले हातात आणि निघून गेले. टेंपोत जाऊन बसले!

आजवर कधी अर्ध्यातून उठले नाहीत. ताप असताना बसले होते. त्यांचे वडील गेले त्याच्या पुढच्या आठवड्यातही येऊन बसले होते.

१९ जानेवारी

भांडण.

मी विचारलं, का उठून गेलात? "सहज." सहज कुणी टेंपोत बसतं का दोन तास? मग म्हणाले, "चाकं लावल्यापासून तुझी तार पोचत नाही."

माझं डोकंच फिरलं. मागच्या रांगेपर्यंत पोचली! मास्तरांना पोचली, ड्रमवाल्याला पोचली, हॉलच्या वॉचमनला पोचली — तुम्हालाच बरी पोचली नाही!

"नाही पोचली," एवढंच म्हणाले. आवाज चढवला नाही. माझ्या तोंडाकडे बघत होते आणि इतके केविलवाणे दिसत होते की मला आणखी राग आला.

२० जानेवारी

अबोला. कुकरच्या आठ शिट्ट्या झाल्या. मी बाथरूममध्ये. हे कुकरपासून दोन हातांवर बसून पेपर वाचतायत! डाळीचा कोळसा. अबोला माझ्याशी आहे की कुकरशी?

२४ जानेवारी

आज संध्याकाळी कार्यक्रम. मी तयार होऊन बघते तर हे घरच्याच कपड्यांत. "चला ना." "मी येऊन काय करू? चाकं आहेत की." "म्हणजे?" "म्हणजे आता माझं तिथे काय काम?"

म्हणजे हे दुखणं आहे तर! मूठ गेली म्हणून रुसवा! अहो, पाय वाचावा म्हणून केलं ना सगळं? नाकापेक्षा मोती जड झाला तुमचा मान!

असं सगळं बोलले. दार आपटून निघाले. फळीवरून पेटी एकटीने उतरवली, अगदी सहज. कुणाचीही गरज लागली नाही.

२५ जानेवारी

काल वाईट वाजवलं. चुका नाही झाल्या. चुकले असते तर बरं झालं असतं. मागे वळून बघायची सवय आहे मला, प्रत्येक गाण्याच्या शेवटी. काल पाच-सहा वेळा वळले. पडदा नुसताच.

घोरत का होईना, माणूस असायचा तिथे.

मास्तर म्हणाले, "ताई, साहेब आले नाहीत?" मी म्हटलं, पाठ दुखतेय. मग म्हणाले, "आणि पेटीला काय झालंय? पूर्वी तुम्ही वाजवलंत की फळी थरथरायची, मला पायातून ताल मिळायचा. आता सगळं वरच्या वर जातंय." रबरावर उभी आहे म्हणून. फुस्सही वाढलंय.

म्हणजे पूर्ण खोटं नव्हतं ह्यांचं. पण कबूल करायला मी जाणार नाही!

२८ जानेवारी

बरं, गेले. कबूल केलं. म्हटलं, मास्तरही तेच म्हणतायत, स्टेज थरथरत नाही म्हणून. समोर उभी राहून सांगितलं, कारण पाठीमागून बोललं की हे उत्तरच देत नाहीत हल्ली, फुगलेत म्हणून.

ह्यांचा चेहरा असा काही उजळला! "म्हणाले ना मास्तर? फळी थरथरत नाही म्हणाले ना?" जणू कोर्टात खटला जिंकले.

मग उठले, कपाटातून काड्यापेटी आणली. ती टेबलावर उभी ठेवली. "हा हत्ती. चाकं तळाला नको. मागच्या खालच्या कडेला लाव, दोनच. अशी." काड्यापेटी मागे कलली. "तिरकी केली की चाकांवर येते, चालते. आणि उभी केली..." काड्यापेटी सरळ. "...की चाकं अधांतरी. तळ जमिनीवर. सगळा."

मी विचारलं, "हे कधी सुचलं?"

"त्या दिवशी टेंपोत बसलो होतो तेव्हा."

आणि दहा दिवस मूग गिळून बसलात? पण हे बोलले नाही मी. चहा टाकला.

३१ जानेवारी

आज दिवसभर हत्ती. सुताराला बोलावलं नाही. हात दाखवून अवलक्षण एकदा पुरे.

पेटी आडवी केली — शेजारच्या दोघांना हाक मारून. ह्यांना खुर्चीवर बसवलं आणि सांगितलं, उठलात तर याद राखा. स्पीकर काढला. तळाची भोकं लाकडाच्या खुंट्यांनी बुजवली, गोंद घातला. खुंट्या ह्यांनी तासल्या, बसल्या जागी, चाकूने. किती नीट! छापखान्यात तीस-पस्तीस वर्षं धडधडत्या मशीनपाशी उभे राहून काढली, पण हात अजून स्थिर आहे. मग मागच्या कडेला दोन चाकं, आतून नट, खाली वायसर, बोल्ट आवळले. मी पेटीत डोकं घालून आत, हे बाहेरून टॉर्च धरून. मी आतून विचारतेय, "सरळ आहे का? अहो, सरळ आहे का?" उत्तर नाही. डोकं बाहेर काढलं आणि ओरडणार होते, तर हे टॉर्च धरून माझ्याकडेच बघत होते. "काय म्हणालीस?" इतक्या मऊ आवाजात, की ओरडायचं राहूनच गेलं.

वर एक मूठ बसवली, तिरकं करायला. ती ह्यांनी निवडली. आधी स्वतःच्या मुठीत धरून बघितली, मग माझ्या.

पेटी उभी केली. चाकं जमिनीपासून बोटभर वर. ह्यांनी तळाखाली कागद सरकवून बघितला, चारी बाजूंनी. कुठेच शिरला नाही.

"बसली," म्हणाले. आणि पेटीवर हात ठेवला, जनावराच्या पाठीवर ठेवतात तसा.

१ फेब्रुवारी

"शनिवारी येऊ का मी?" असं विचारलं मला! परवानगी!

मी म्हटलं, न आलात तर चाकं तुम्हाला लावून नेईन.

८ फेब्रुवारी

काल आले. बूट-मोजे काढले — मोजे मी काढले, वाकायचं नाही म्हणून. पाठ पेटीला, पाय फळ्यांवर. पेटी जागची तसूभर हलली नाही. खालची तार धरली आणि स्टेज पूर्वीसारखा बोलला. मास्तरांनी लांबून अंगठा दाखवला. मी तर हवेत होते. असं वाजवलं की माझं मलाच कौतुक वाटलं.

मध्यंतरानंतर एक गोष्ट झाली. गायिका माइक घेऊन स्पीकरसमोर गेली आणि माइकने किंचाळी मारली. साधी नाही! कानात सुया घुसाव्यात तशी, आणि थांबेचना. सगळ्या हॉलने कान झाकले. पोरं रडायला लागली. ड्रमवाल्याने काठ्या टाकून कानांत बोटं घातली. मी वाजवत राहिले, हात अडकलेले होते म्हणून. आणि सवयीने मागे वळले.

हे डोळे मिटून बसले होते. झोपलेले नव्हते. पायाचा अंगठा फळीवर पडत होता — माझ्या प्रत्येक सुरावर, बरोबर. चेहऱ्यावर आठी नाही. हसत होते.

किंचाळी बंद झाली तेव्हाही तसेच. काही सुरू झालं आणि काही थांबलं, ह्यांना पत्ताच नाही.

घरी येताना ह्यांनी दोनदा विचारलं, दमलीस का? हो म्हटलं. दिवसभर तेच डोळ्यांसमोर येतंय. कुकर. फोन. रेडिओ.

९ फेब्रुवारी

दिवेलागणीला हे खिडकीपाशी बसले होते, पाठमोरे, मटार सोलत. पाय अनवाणी. हाक मारली, "अहो." पुन्हा मारली. मग जवळजवळ ओरडलेच. मटार सोलणं चालू.

मग गिटार घेतली, हत्तीला जोडली आणि सगळ्यात खालची तार एकदाच छेडली. हे लगेच वळले. "काय गं?"

मी दिवा लावला, समोर जाऊन बसले आणि मग बोलले.